प्रिन्सिपल आणि प्रिन्सिपल : मुद्दल कोणते, तत्त्व कोणते?

व्यापारी घराण्यांत आकड्यांबाबत जी दक्षता असते, ती अक्षरांबाबत असतेच असे नाही. रोजमेळात एका रुपयाचा फरक आला तर दिवाणजी रात्री उशिरापर्यंत पेढीवर बसून तो शोधीत आणि फरक सापडल्याखेरीज घरी जात नसत, हे आमच्या पिढीने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मात्र बँकेकडून, कंपनीकडून अथवा सरकारी कार्यालयाकडून आलेले इंग्रजी पत्र त्याच पेढीवर वरवर चाळले जाते, त्याचा एकंदर आशय ध्यानात आला असे गृहीत धरले जाते आणि ते फाइलीत जाते. अशा पत्रातील एका शब्दामुळे, किंबहुना त्या शब्दाच्या अखेरच्या दोन अक्षरांमुळे, केवढा फरक पडू शकतो याचा अनुभव आमच्या कुटुंबाने काही वर्षांपूर्वी घेतला. तो वाचकांना सांगावा आणि त्यानिमित्ताने त्या शब्दाची नीट ओळख करून द्यावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे थोरले चुलतबंधू भुसार मालाचे व्यापारी. हिशेबात अत्यंत तरबेज. इंग्रजी मात्र बेताचे. जुन्या गोदामात माल मावेनासा झाला, तेव्हा गावाबाहेरील रस्त्यालगतचे एक तयार गोदाम विकत घेण्याचे त्यांनी ठरविले आणि बँकेकडे कर्जासाठी अर्ज केला. काही आठवड्यांनी बँकेचे पत्र आले. त्या दिवशी ते खरेदीनिमित्त परगावी होते, म्हणून मुलाने फोनवरून पत्र वाचून दाखविले. त्यात दोन वाक्ये महत्त्वाची होती. पहिले असे की, आपल्या अर्जास 'इन प्रिन्सिपल' मंजुरी देण्यात येत आहे. आणि दुसरे असे की, व्याजाचा दर व अन्य अटी यथावकाश कळविण्यात येतील.

"बाबा, प्रिन्सिपल मंजुरी आली आहे. व्याजाचं नंतर कळवणार आहेत," मुलगा म्हणाला.

चुलतबंधूंना 'प्रिन्सिपल' हा शब्द चांगलाच परिचित होता. कर्जखात्याच्या प्रत्येक उताऱ्यात एका रकान्यावर 'प्रिन्सिपल' आणि शेजारच्या रकान्यावर 'इंटरेस्ट' असे छापलेले असते. म्हणजे एक मुद्दल आणि दुसरे व्याज. मुद्दल मंजूर झाले, आता केवळ व्याजाचा दर ठरायचा राहिला, असा अर्थ त्यांनी घेतला. ऐकलेल्या वाक्याचा तो अर्थ सरळ आणि व्यवहाराला धरूनच होता. त्याच आठवड्यात त्यांनी गोदामाच्या मालकास पाच लाख रुपये इसार दिला. तीन महिन्यांत खरेदीखत न झाल्यास इसाराची रक्कम जप्त होईल, अशी अट इसारपावतीत होती. पैसा येणारच असल्याने त्या अटीची त्यांना धास्ती वाटली नाही.

पुढे बँकेने त्यांची कागदपत्रे तपासली आणि कर्ज नाकारले. बँकेच्या पत्रातील शब्द मुद्दलाचा नव्हताच. तो त्याच उच्चाराचा दुसरा शब्द होता आणि त्याचा अर्थ 'तत्त्व' असा होता. बँकेने 'तत्त्वतः' मंजुरी दिली होती; रक्कम दिलेली नव्हती, देण्याचे वचनही दिलेले नव्हते.

वडीलधाऱ्या मंडळींनी मध्यस्थी केली, तेव्हा गोदामाच्या मालकाने निम्मा इसार परत केला. उरलेले अडीच लाख गेले. पुतण्या कितीतरी दिवस अस्वस्थ होता. "काका, मी पत्र बरोबरच वाचलं होतं," असे तो मला पुनःपुन्हा सांगे. त्याचे म्हणणे खरे होते. त्याने बरोबर वाचले होते, त्याच्या वडिलांनी बरोबर ऐकले होते, आणि तरीही अर्थ चुकला होता.

दिसण्यातील भेद, ऐकण्यातील अभेद

हे दोन शब्द इंग्रजीत लिहिताना पी, आर, आय, एन, सी, आय, पी ही पहिली सात अक्षरे दोहोंत समान असतात. भेद आहे तो केवळ अखेरीस. एकाच्या शेवटी 'ए' आणि 'एल' ही अक्षरे येतात, तर दुसऱ्याच्या शेवटी 'एल' आणि 'ई'. सोयीसाठी आपण पहिल्याला 'ए-एल'चा प्रिन्सिपल आणि दुसऱ्याला 'एल-ई'चा प्रिन्सिपल म्हणू. ए-एलच्या शब्दाचा गाभा 'मुख्य, मूळ, प्रधान' असा आहे आणि मुद्दल हा त्याचाच एक अर्थ. एल-ईच्या शब्दाचा अर्थ 'तत्त्व, सिद्धान्त, नियम' असा आहे.

उच्चारात मात्र दोहोंत काहीही अंतर नाही. आपल्या देवनागरीत तर ही अडचण अधिकच वाढते, कारण देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते आणि त्यामुळे दोन्ही शब्द 'प्रिन्सिपल' असेच लिहावे लागतात. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांतील फरक निदान वेलांटीवरून तरी कळतो. येथे तोही आधार नाही. म्हणून इंग्रजी पत्र कोणी वाचून दाखविले, फोनवर सांगितले अथवा त्यातील शब्द देवनागरीत टिपून घेतला, तर हा भेद वाटेतच नाहीसा होतो. तो केवळ डोळ्यांना दिसतो, कानांना कळत नाही.

संगणकाचाही येथे उपयोग होत नाही. चुकीचे शब्दलेखन असेल तर संगणक त्याखाली लाल रेघ ओढतो. परंतु हे दोन्ही शब्द इंग्रजी कोशातील असल्याने एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी बहुधा तो मुकाट्याने पुढे जातो.

वस्तुतः हे दोन्ही शब्द एकाच कुळातील होत. लॅटिन भाषेत 'प्रिन्केप्स' असा शब्द आहे. 'पहिला' आणि 'घेणे' अशा दोन अर्थांच्या जोडणीतून तो झालेला असून, जो पहिले स्थान घेतो तो, म्हणजे अग्रणी, असा त्याचा भाव आहे. राजपुत्रासाठी वापरला जाणारा 'प्रिन्स' हा शब्द त्यातूनच आला. त्याच मुळाला दोन फांद्या फुटल्या. एका फांदीवर 'जो पहिला किंवा मुख्य आहे तो' हा अर्थ वाढला आणि दुसऱ्या फांदीवर 'जेथून आरंभ होतो ते मूळ' हा अर्थ वाढला. पहिली फांदी फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन मुख्य व्यक्ती, मुख्य स्थान, मूळ रक्कम अशा वस्तूंपाशी पोहोचली. दुसरी तत्त्वापाशी पोहोचली.

ए-एलचा प्रिन्सिपल : पेढीवरील पाच रूपे

व्यापाऱ्याला हा शब्द किमान पाच रूपांत भेटतो. शाळा-महाविद्यालयातील प्रिन्सिपल, म्हणजे मुख्याध्यापक अथवा प्राचार्य, हे त्यातील सर्वपरिचित रूप. मंत्रालयातील 'प्रिन्सिपल सेक्रेटरी' म्हणजे प्रधान सचिव, हाही त्याच घरातला. उरलेल्या चार रूपांचा संबंध थेट आपल्या तिजोरीशी येतो.

त्यातील पहिले मुद्दल. कर्जाचा मासिक हप्ता कायम असला तरी त्यातील मुद्दल आणि व्याज यांचे प्रमाण दरमहा बदलत असते. समजा, दहा लाख रुपयांचे कर्ज वार्षिक १२ टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १४,३४७ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातील १०,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल केवळ ४,३४७ रुपयांनी कमी होते. पाच वर्षे, म्हणजे निम्मी मुदत, नियमित हप्ते भरल्यानंतरही सुमारे ६ लाख ४५ हजार रुपये मुद्दल शिल्लकच असते. म्हणूनच हाती अधिक पैसा आला तर तो सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलापोटी भरण्यात शहाणपण आहे. मात्र तो मुद्दलापोटी भरला जात आहे, हे लेखी कळविणे अगत्याचे. उभयपक्षी वेगळे ठरले नसेल, तर थकलेल्या कर्जापोटी आलेली रक्कम आधी व्याजात आणि मग मुद्दलात जमा धरण्याची सर्वसाधारण रीत आहे. जमाखर्चातही हा भेद पाळावा लागतो. व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज हा खर्च होय. मुद्दलाची परतफेड हा खर्च नव्हे, ते केवळ देणे फेडणे आहे.

दुसरे रूप आडतीच्या आणि दलालीच्या व्यवहारातील. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम १८२ सांगते की, जो दुसऱ्यासाठी एखादे कृत्य करतो किंवा तिऱ्हाइताशी व्यवहार करताना दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करतो तो 'एजंट', आणि ज्याच्यासाठी तो हे करतो तो 'प्रिन्सिपल'. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत मूळ मालक. एजंटाने आपल्या अधिकारात केलेल्या कराराने हा मूळ मालक बांधला जातो, आणि एजंटाने मागणी होताच त्याला हिशेब द्यावयाचा असतो. याउलट अनेक कंपन्यांच्या वितरण-करारात 'प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल' असे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा की, वितरक हा कंपनीचा एजंट नसून स्वतःच्या नावावर माल विकत घेणारा आणि स्वतःच्या जोखमीवर विकणारा स्वतंत्र व्यापारी आहे. माल पडून राहिला तर नुकसान त्याचे, आणि ग्राहकाने पैसे बुडविले तर तेही त्याचे. या तीन शब्दांवर सही करताना पुष्कळ तरुण व्यापारी 'तत्त्वाची काही औपचारिक भाषा असेल' अशा समजुतीने पुढचे पान उलटतात.

तिसरे रूप जामिनकीतील, आणि आमच्या चुलतबंधूंच्या कर्जाचे खरे विघ्न येथेच दडलेले होते. पूर्वी त्यांनी एका नातेवाइकाच्या कर्जाला जामीन दिला होता. त्या कागदात कर्ज घेणाऱ्यास 'प्रिन्सिपल डेटर', म्हणजे मूळ ऋणको, म्हटलेले होते. मुख्य देणेकरी तो आहे, तेव्हा बँक आधी त्याच्याकडे जाईल, त्याची मालमत्ता विकेल आणि काही उरलेच तर आपल्याकडे येईल, अशी त्यांची समजूत होती. कायदा तसा नाही. करार अधिनियमाच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच व्यापक असते. धनकोने आधी मूळ ऋणकोचा पाठपुरावा संपवावा आणि मगच जामीनदाराकडे यावे, असे बंधन सामान्यतः नसते. येथे 'प्रिन्सिपल' याचा अर्थ 'मुख्य' असा आहे, 'आधी' असा नाही. नातेवाइकाचे हप्ते थकलेले होते, ते देणे चुलतबंधूंच्या नावावरही दिसत होते, आणि नेमके तेच कारण दाखवून बँकेने नवे कर्ज नाकारले.

चौथे रूप प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणी प्रमाणपत्रात 'प्रिन्सिपल प्लेस ऑफ बिझनेस' असा रकाना असतो. म्हणजे व्यवसायाचे मुख्य स्थान. गोदाम, शाखा इत्यादी अतिरिक्त स्थाने वेगळी नोंदवावी लागतात. याच कायद्यात, जो व्यापारी कच्चा माल प्रक्रियेसाठी दुसऱ्या कारखानदाराकडे पाठवितो, त्यालाही 'प्रिन्सिपल' म्हटले आहे. असा कर न भरता पाठविलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत आणि यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल तीन वर्षांच्या आत परत यावा अथवा तेथूनच विहित रीतीने त्याचा निपटारा व्हावा, असा सर्वसाधारण नियम आहे. कापड, धातू आणि प्लॅस्टिकच्या व्यापारातील मंडळींना हे नित्याचेच आहे.

एल-ईचा प्रिन्सिपल : दिशा, हाती आलेली रक्कम नव्हे

आता दुसरा शब्द. न्यूटनचा १६८७ साली प्रसिद्ध झालेला लॅटिन ग्रंथ 'प्रिन्किपिया' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्या नावात हेच मूळ आहे. निसर्गाच्या अभ्यासाची गणिती तत्त्वे, असा त्याच्या पूर्ण शीर्षकाचा आशय. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व, हिशेबशास्त्राची तत्त्वे, एखाद्या माणसाची तत्त्वनिष्ठा, या सर्व ठिकाणी एल-ईचाच शब्द येतो.

हिशेबशास्त्रातील एक तत्त्व आपल्या पूर्वजांनी पुस्तक न वाचताच पाळले होते. होणार असलेला नफा तो प्रत्यक्ष होईपर्यंत वहीत धरू नये, आणि संभाव्य तोट्याची तरतूद मात्र आधीच करावी. इंग्रजीत याला सावधगिरीचे तत्त्व म्हणतात. चुलतबंधूंनी आयुष्यभर हे तत्त्व कसोशीने सांभाळले. एका पत्राच्या बाबतीत मात्र न आलेली रक्कम आल्यासारखी धरली गेली.

'तत्त्व' या शब्दाचे नेमके स्वरूप ओळखायचे असेल तर भारतीय संविधानाचा चौथा भाग पाहावा. अनुच्छेद ३६ ते ५१ मध्ये राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे सांगितलेली आहेत. इंग्रजी संहितेत तेथे एल-ईचा शब्द आहे. अनुच्छेद ३७ स्पष्ट करतो की, ही तत्त्वे देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत आहेत, परंतु न्यायालयाकरवी त्यांची अंमलबजावणी करून घेता येणार नाही. म्हणजे तत्त्व हे दिशा दाखविते. त्या दिशेने किती अंतर आणि केव्हा चालायचे, हे पुढील निर्णयांवर अवलंबून असते.

बँकेची 'इन प्रिन्सिपल' मंजुरी नेमकी याच जातीची आहे. आपला प्रस्ताव प्रथमदर्शनी आमच्या धोरणात बसतो, पुढील तपासणीस हरकत नाही, एवढेच बँक त्यातून सांगते. त्यानंतर मालमत्तेचे मूल्यांकन होते, वकील मालकीहक्काचे कागद पाहतात, जुनी कर्जे व जामिनक्या तपासल्या जातात, आणि मग अंतिम मंजुरीचे पत्र निघते. त्यात रक्कम, दर, मुदत, तारण आणि अटी स्पष्ट लिहिलेल्या असतात. अंतिम पत्रानंतरही सर्व अटी पूर्ण झाल्यावरच रक्कम हाती येते. इसार देण्यापूर्वी आपण या पायऱ्यांपैकी नेमके कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे पाहणे आवश्यक ठरते.

येथे आणखी एक बारकावा आहे. 'इन प्रिन्सिपल' आणि 'ऑन प्रिन्सिपल' हे दोन प्रयोग भिन्न होत. पहिल्याचा अर्थ 'तत्त्वतः, तपशील बाकी ठेवून'. दुसऱ्याचा अर्थ 'तत्त्व म्हणून'. "आम्ही तत्त्वतः उधारीला तयार आहोत" असे म्हणणारा व्यापारी मुदत आणि रकमेविषयी अजून बोलणार आहे. "आम्ही तत्त्व म्हणून उधारी देत नाही" असे म्हणणाऱ्याशी पुढे बोलण्यासारखे काही उरलेले नाही. एका छोट्या अव्ययाने दार उघडे राहते किंवा बंद होते.

जेथे मुद्दल आणि तत्त्व एकत्र येतात

आपल्या भाषेतही या दोन अर्थांचे जुने नाते आहे. 'मुदलातच चूक झाली' असे आपण म्हणतो, तेव्हा रकमेविषयी बोलत नसतो. मूळ विचारच चुकला, असे सांगत असतो. लॅटिनमधील एका मुळापासून रक्कम आणि तत्त्व असे दोन अर्थ निघाले, तसेच आपल्या पेढीवरील 'मुद्दल' शब्दही बोलता बोलता 'मूळ विचारा'पर्यंत जाऊन पोहोचला आहे.

मुद्दलाविषयी एक तत्त्व आपल्याकडे शतकानुशतके रूढ आहे. त्याचे नाव दामदुप्पट. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाच्या रकमेपेक्षा अधिक असता कामा नये, असा हा नियम. त्याचा आधार मनुस्मृतीसारख्या प्राचीन धर्मशास्त्रग्रंथांत आहे आणि ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला. शंभर रुपये दिले असतील तर एका वेळी मुद्दल आणि व्याज मिळून दोनशेच्या पुढे मागता येणार नाही. व्याजाचा पैसा ज्या समाजात फिरत होता, त्याच समाजाने व्याजाला घातलेली ही मर्यादा आहे. ए-एलच्या शब्दावर एल-ईच्या शब्दाचा अंकुश, असे तिचे वर्णन करता येईल.

आपल्या परंपरेत तर मुद्दलाचीच उपमा घेऊन तत्त्व शिकविलेले आहे. श्वेतांबर आगमांतील उत्तराध्ययन सूत्राच्या सातव्या अध्ययनात तीन वणिकांचा दृष्टान्त येतो. तिघेही मूळ धन घेऊन व्यापारासाठी निघाले. एकाने लाभ मिळविला, दुसरा मूळ धन जसेच्या तसे घेऊन परतला, आणि तिसरा ते गमावून आला. सूत्र सांगते की, मनुष्यजन्म हे मूळ धन होय, देवगती हा लाभ होय, आणि मूळ धन गमावणे म्हणजे नरक अथवा तिर्यंच गती. उपदेशासाठी व्यापाराचाच दृष्टान्त निवडला गेला, यावरून ऐकणारे कोण होते आणि त्यांना कोणती भाषा चटकन उमजे, हे लक्षात येते. दुसरा वणिकही येथे विचार करण्याजोगा आहे. त्याला लाभ झाला नाही, परंतु त्याने मुद्दल राखले. सूत्राने त्याची गणना गमावणाऱ्यांत केलेली नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, आणि न्यासापहार, म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचा अपहार, हे दोन्ही आहेत. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरून कमी मागू लागला आणि ठेवून घेणारा त्यावर गप्प राहिला, तर तोही न्यासापहारच मानला जातो. एकाचे मुद्दल दुसऱ्याच्या तत्त्वावर कसे अवलंबून असते, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

ओळखण्याच्या खुणा आणि काही सवयी

दोन्ही शब्द लिहिताना गोंधळ होऊ नये म्हणून काही सोप्या खुणा आहेत. मुद्दल म्हणजे रक्कम, रक्कम म्हणजे 'अमाउंट', आणि 'अमाउंट'चे पहिले अक्षर 'ए'. म्हणून मुद्दलाच्या शब्दाच्या अखेरीकडे 'ए' असतो. तत्त्व म्हणजे नियम, नियमास इंग्रजीत 'रूल' म्हणतात, आणि 'रूल'च्या शेवटी 'एल-ई' येतात. म्हणून तत्त्वाच्या शब्दाच्या शेवटीही 'एल-ई'. तिसरी खूण व्याकरणाची. शब्द दुसऱ्या नामाचे विशेषण म्हणून आला असेल, जसे प्रिन्सिपल सेक्रेटरी, प्रिन्सिपल डेटर, प्रिन्सिपल प्लेस, तर तो ए-एलचाच असणार; कारण एल-ईचा शब्द केवळ नाम म्हणून येतो. त्याच्यामागे 'इन' किंवा 'ऑन' असेल आणि पुढे रक्कम नसेल, तर तो बहुधा एल-ईचा.

या खुणांपेक्षाही घरात आणि पेढीवर काही सवयी लावून घेणे अधिक हिताचे. पैशांचा संबंध असलेले इंग्रजी पत्र फोनवर केवळ ऐकून त्यावर निर्णय घेऊ नये; त्याचे छायाचित्र मागवावे आणि शब्द डोळ्यांनी पाहावा. मंजुरीच्या पत्रात नेमकी रक्कम, दर आणि मुदत लिहिलेली आहे की नाही, हे तपासावे. नसेल तर ते अंतिम पत्र नव्हे असे समजावे. इसारपावती करताना, कर्ज अंतिमतः नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल, अशी अट मालकास मान्य असल्यास ती लिहून घ्यावी. जामिनकीच्या कागदावर सही करण्यापूर्वी, हे सर्व कर्ज उद्या आपल्याला फेडावे लागले तर आपली ऐपत आहे काय, असा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि घरातील मुलामुलींना इंग्रजी उत्तम वाचता येत असेल, तर त्यांच्याकडून नुसते वाचन करवून न घेता अर्थ मराठीत सांगावयास लावावा. अर्थ सांगताना जेथे ते अडखळतील, तेथेच थांबून चौकशी करावी.

आमच्या घरात ही शेवटची सवय आता पक्की झाली आहे. पुतण्या आता पेढीचा इंग्रजी पत्रव्यवहार पाहतो. कोणतेही पत्र आले की तो महत्त्वाच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढतो आणि समासात त्याचा मराठी अर्थ लिहितो. मगच ते पत्र वडिलांपुढे ठेवतो. चुलतबंधू चष्मा लावून आधी समास वाचतात आणि मग पत्र. एखादा अर्थ पटला नाही तर दोघे मिळून कोश उघडतात. नातेवाइकाच्या थकलेल्या हप्त्यांचाही त्यांनी मार्ग काढला. दोन्ही कुटुंबे एकत्र बसली, फेडीचे वेळापत्रक ठरले, आणि ते देणे आता जवळजवळ संपत आले आहे. नव्या गोदामाची खरेदी मात्र राहिली ती राहिलीच. सध्या माल भाड्याच्या जागेत असतो.

बँकेचे ते जुने पत्र त्यांनी फाडून टाकलेले नाही. गेल्या पाडव्याला नव्या वह्या मांडताना ते माझ्या दृष्टीस पडले. 'इन प्रिन्सिपल' या शब्दांभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ आहे आणि समासात पुतण्याच्या अक्षरात लिहिले आहे, 'तत्त्वतः. रक्कम अद्याप नाही.' त्याखाली चुलतबंधूंनी स्वतःच्या हाताने तारीख घातली आहे आणि खर्चाच्या नोंदीसारखी एकच ओळ लिहिली आहे : 'रु. २,५०,०००, शब्द शिकण्यापोटी.'